मदत हवी आहे: लांब मिशांचा, कुरकुर करणारा भुंगा कोणता?

मंडळी, एका किड्याचं नाव पाहिजे, लई दिवसापासून शोधायलोय पण सापडेना. 1996-97 ची गोष्ट असेल, जिंतूर तालुक्यात मामाच्या गावी होतो, पावसाळा नुकताच लागलेला, आणि रात्री ओसरीतल्या बल्बवर येऊन एक भुंगा धप्पकन ताटाशेजारी पडला. आज्जी ओरडली आधी, मग मी!

साईज माझ्या त्या वेळच्या बोटाएवढी, म्हणजे दोन इंच तरी धरा. रंग राखाडी, पाठीवर पिवळट नारिंगी ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब आणि मागं वळलेल्या. पाठीवरून चिमटीत धरला की मान खालीवर करून कुरकुर आवाज काढायचा, अगदी खाटेची सुतळी करकरते तसा. तो आवाज अजून कानात आहे.

सोनकिडा म्हणू नका प्लीज, तो हिरवा चमकदार असतो, बाभळीवर मिळायचा, काडीपेटीत पाला घालून आम्हीच पाळलेत. हुमणीचा भुंगापण नाही, तो बारका तपकिरी, पहिल्या पावसानंतर कडुलिंबावर थव्यानं येतो. आणि उकिरड्यातला शिंगवाला गेंड्या भुंगा मला चांगला माहितीये, त्याच्या मिशा कुठं एवढ्या असतात.

घरामागं जुना आंबा अन् एक उंबर होतं, आंब्याच्या बुडाला भोकं पडून भुसा गळायचा, नंतर तो वाळूनच गेला. मामा म्हणायचे खोडकिड्यानं खाल्लं. हाच तो खोडकिडा का? कुणाकडं फोटो असेल तर टाका, मिशांसकट दिसंल असा.