मदत हवी आहे: धुक्यातलं जंगल एकतर राखाडी पडतंय, नाहीतर भडक होतंय

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. आमच्याकडे धुकं म्हणजे थंडीत एखाद्या पहाटे सिद्धेश्वर तलावावर तरंगणार आणि ऊन चढलं की गायब. त्यामुळे जुलैत आंबोलीला दिवसदिवस न हटणारं धुकं पाहिलं आणि वेडच लागलं. तीन दिवसांत सहाशेच्या वर फोटो काढले, सगळे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. आता एडिट करायला बसलोय, पण तिथे जे वाटलं ते एकाही फोटोत उतरत नाहीये.

एकच फोटो सांगतो. पुढे शेवाळाने मढलेलं वाकडं खोड, त्यावर नेच्याची दोन पानं, मागे तीन-चार झाडं एकामागे एक पुसट होत गेलेली आणि शेवटी नुसतं पांढरं. पानावरून थेंब पडला तरी ऐकू येत होतं, इतकं शांत. मला ती शांतता हवी आहे. कॅमेऱ्याने धुकं मळक्या राखाडी रंगाचं दिलं. डीहेझ (धूसरपणा कमी-जास्त करणारा स्लायडर) +40 केलं तर मागची झाडं लख्ख दिसली, पण धुकंच गेलं आणि हिरवा पोपटी झाला. व्हाइट बॅलन्स (फोटोची ऊब-गारवा ठरवणारी सेटिंग) 4300 वर, म्हणजे निळ्याकडे नेला तर शांत वाटायच्या ऐवजी भीतीदायक वाटायला लागलं.

त्यात ए-थ्री प्रिंट काढून आणली, ती स्क्रीनपेक्षा बरीच काळपट. वडिलांची सगळी नोकरी चादरीच्या सुताच्या डाय हाऊसमध्ये गेली. त्यांनी प्रिंट हातात घेतली ती थेट दारात नेली. ट्यूबखाली शेड बघायची नाही, ही त्यांची जुनी शिस्त. म्हणाले, "काळा जास्त पडलाय, आणि पांढऱ्यात निळीची झाक आहे." बरोबर होतं त्यांचं.

उजेड आधी ठरवायचा की रंग? आणि धुकं किती पांढरं ठेवायचं?

रानवाट: उजेड आधी. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीवर आणायला बघतं, म्हणून धुकं मळकं येतं. बर्फाचंही तसंच होतं. काढतानाच एक्स्पोजर (उजेड) +0.7 ते +1 द्यायला हवं होतं. रॉ आहे, तर आता एक्स्पोजर वाढवा, फक्त पांढरं फाटू देऊ नका, म्हणजे त्यातले तपशील जाऊ देऊ नका. धुक्याचा हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड किती पसरलाय ते दाखवणारा आलेख) अरुंदच असतो. त्याला ओढून दोन्ही टोकांना चिकटवलंत की धुकं मेलं. गडद राहू दे ते फक्त पुढचं खोड. मागचं प्रत्येक झाड त्याच्या पुढच्यापेक्षा फिकं दिसलं पाहिजे, खोली त्यातूनच येते. डीहेझ शून्यावर आणा, मागच्या भागाला मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) -10 करून बघा.

प्रिंट काळपट येण्याचं कारण बहुतेक तुमचा स्क्रीन. रात्री अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलं की फोटो उजळ भासतो आणि आपण तो नकळत गडद ठेवतो.

चिंब: रंगाचं मी सांगते. धुक्याचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच पसरवतात, म्हणून धुकं मुळात पांढरं. झाडांखाली त्यात पानांचा हिरवा मिसळतो. तो हिरवा टिंटचा स्लायडर थोडा मॅजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) नेऊन काढा, सगळा नको, नाहीतर जंगल वाटणार नाही. व्हाइट बॅलन्सचं तापमान 5200च्या आसपास ठेवा आणि निळा फक्त सावल्यांमध्ये अगदी चिमूटभर द्या. तुमचं भीतीदायक झालं कारण उजळ भागही निळा पडला. पांढऱ्यात किंचित ऊब राहिली की तेच जंगल शांत वाटतं. हिरव्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) कमी करा, ल्युमिनन्सही (उजळपणा) थोडा उतरवा. ओलं शेवाळ गडद असतं, चमकत नाही. आणि तुमच्या वडिलांना विचारत राहा, त्यांची नजर तयार आहे.

मूळ धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. काल सकाळी खिडकीशी बसून, स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून पुन्हा केलं. डीहेझ काढल्यावर तिसरं झाड परत धुक्यात गेलं, आणि तेच हवं होतं. छोटी प्रिंट वडिलांनी दारात नेऊन पाहिली, "आता ओलं दिसतंय" म्हणाले. नेच्याची पानं मात्र अजून पिवळी पडताहेत. तेवढ्याच पानांना मास्क लावू, की सगळ्या फोटोतला पिवळा हिरव्याकडे सरकवू?