सल्ला हवा: रोजच्या सॅकमध्ये कॅमेरा ठेवायला इन्सर्ट घ्यावा का?

पायपीट

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

रोज पाठीवर असते ती २५ लिटरची साधी सॅक. वरून उघडणारी, मागे लॅपटॉपचा कप्पा, बाकी आत सगळा मोकळा पोत्याचा कारभार. कॅमेऱ्याची बॅग वेगळी आहे, खांद्याला लटकवायची. दोन बॅगा सांभाळायचा कंटाळा येतो, म्हणून कॅमेरा घरीच राहतो आणि नेमका त्याच संध्याकाळी उजेड असा पडतो की हात चोळत बसावं लागतं.

इन्सर्ट म्हणून आतून पॅड लावलेला, कप्पे असलेला सुटा डबा मिळतो, तो साध्या सॅकमध्ये सोडला की झाली कॅमेऱ्याची बॅग, असं ऐकलंय. कोणी वापरता का? सामान फार नाही: कॅमेरा सोनी ए७ थ्री, त्याच्यावर कायम २४-१०५ ची लेन्स, सोबत ७०-३०० आणि ५० एमएम एफ १.८ या आणखी दोन लेन्स. केवढा घ्यावा, काय बघून घ्यावा, आणि मुळात घ्यावा का?

तिसरा डोळा

घ्या. पण आधी इन्सर्ट बघत बसू नका, आधी सॅक मोजा. बहुतेक जण इथेच फसतात, मीही फसलो होतो.

सॅकचे लिटर विसरा, त्यात बाहेरचे खिसेही धरलेले असतात. लॅपटॉप आत ठेवा, चेन लावा, आणि मग आतून तळाची लांबी-रुंदी घ्या. लॅपटॉप नसताना मोजलंत तर दोन सेंटिमीटर फुकट मोजाल. मग तळापासून २० सेंटिमीटर वर पुन्हा मोजा. बऱ्याच सॅका वर निमुळत्या होतात आणि तळाचे कोपरे गोल असतात. इन्सर्ट मात्र चौकोनी.

दुसरं, इन्सर्टची दोन मापं असतात, बाहेरचं आणि आतलं. भिंत एक-सव्वा सेंटिमीटर जाडीची असली की दोन्ही बाजू मिळून अडीच सेंटिमीटर गेले. आतला प्रत्येक पडदा आणखी एकेक सेंटिमीटर खातो. बाहेरचं माप सॅकशी जुळवायचं, आतलं सामानाशी. उलट केलंत की परत पाठवायची कटकट.

आता माझा हुकमी उपाय. जो इन्सर्ट घ्यायचा मनात आहे त्याच्या बाहेरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका चिकटपट्टीने बनवा. त्यात सामानाइतकं वजन भरा आणि आठवडाभर तो सॅकमध्ये घेऊन फिरा. तुमची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ६५० ग्रॅम, २४-१०५ ची ६६३, ७०-३०० ची ८५४ आणि ५० ची १८६, म्हणजे जवळपास दोन किलो साडेतीनशे ग्रॅम. पाण्याच्या बाटल्या आणि जुनी पुस्तकं भरा. तिसऱ्या दिवशी पाठ आणि खांदे काय ते सांगतील.

काथ्याकूट

विरोधी सूर लावतो, रागावू नका.

इन्सर्ट म्हणजे दोन्हीकडची तडजोड. साध्या सॅकच्या तळाला पॅड नसतो, पट्टे पातळ असतात, आणि वरून उघडायची असेल तर कॅमेऱ्यापर्यंत पोचायला आधी छत्री, जॅकेट, चार्जर असं अर्ध दुकान मांडावं लागतं. फोटो तोवर थांबतो होय? नीट पाठीकडून किंवा बाजूने उघडणारी कॅमेऱ्याची सॅक घ्या आणि विषय संपवा.

तिसरा डोळा

काथ्याकूट, मुद्दा बरोबर, पण तो रोज कॅमेरा नेणाऱ्याला लागू. पायपीट यांना आठवड्यातून दोनदा न्यायचा असेल, तर उरलेले पाच दिवस ती जाड भिंतींची सॅक रिकामी पाठीवर वागवायची. शिवाय कॅमेऱ्याची सॅक लांबूनच ओळखू येते. गर्दीत मला तरी मळकी, साधी सॅक बरी वाटते.

आणि वरून उघडण्याबद्दल: इन्सर्ट तळाला आणि बाकी सामान वर, हीच चूक आहे. लॅपटॉपच्या कप्प्याला लागून इन्सर्ट उभा ठेवा आणि छत्री-जॅकेट त्याच्या पुढे किंवा बाजूला. वर फक्त हलकं काहीतरी, एका हाताने उचलता येईल असं.

रानभूल

डोंगरात इन्सर्ट वापरते, सहाएक वर्षं झाली, म्हणून थोडं लांबण लावते.

मोठ्या ट्रेकिंग सॅकेला खाली स्लीपिंग बॅगसाठी वेगळी चेन असते ना, तो कप्पा इन्सर्टसाठी सोन्यासारखा. वरचं काहीही न हलवता खालची चेन उघडायची, कॅमेरा बाहेर. स्लीपिंग बॅग वर जाते, ती हलकीच असते. पण एक तोटा सांगते. वजन अगदी बुडाशी गेलं की सॅक मागे ओढते आणि चढावर आपण नकळत वाकून चालतो. जड सामान पाठीला चिकटून, पाठीच्या मध्यावर असावं. म्हणून लांबच्या चालीला मी इन्सर्टच्या खाली कपड्यांची घट्ट वळकटी ठेवते. डबा तेवढा वर येतो आणि सॅक जमिनीवर आपटली तर दणका कपडे खातात.

पाण्याची पिशवी आणि इन्सर्ट कधीही एका कप्प्यात नको. ही माझी स्वतःची फजिती. पिशवीचं झाकण आडवं बसलं होतं, तासाभरात पाऊण लिटर पाणी सॅकच्या तळात. इन्सर्टचं कापड पाणी थोपवणारं होतं, बाहेरचं पाणी त्याने थोपवलंही, पण तळाच्या शिवणीतून जे शिरलं ते त्याच कापडाने आत धरून ठेवलं. लेन्सच्या मागच्या टोपणात थेंब दिसले तेव्हा पोटात गोळा आला. लेन्स वाचली, झोप गेली. तेव्हापासून इन्सर्ट आधी तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत आणि मग सॅकमध्ये. सॅकचं रेनकव्हर वरून येणाऱ्या पावसासाठी असतं. पाठीकडून ओघळणारं पाणी आणि आतली गळती त्याने काय थांबणार.

आणि चालताना कॅमेरा सॅकमध्ये ठेवूच नका. खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी क्लिप मिळते, पीक डिझाइनची कॅप्चर माझ्याकडे आहे. कॅमेरा तिथे आणि बाकी लेन्स इन्सर्टमध्ये. इन्सर्टही मग लहान लागतो.

जुगाडू

विकतच कशाला? ट्रेकर लोक अंथरतात ती फोमची मॅट घ्या, ८ ते १० मिलिमीटर जाडीची. ती बंद छिद्रांच्या फोमची असते, पाणी शोषत नाही आणि दाबून सोडली की पुन्हा मूळ जाडीला येते. गादीतला मऊ स्पंज नको, तो पाणी पितो आणि वजनाखाली चपटा होतो. मॅटचे पाच तुकडे कापून जुन्या पँटच्या कापडाचं अस्तर शिवा, पडद्यांना वेल्क्रो. सॅकच्या गोल कोपऱ्यांप्रमाणे कापता येतं, हा खरा फायदा.

वेल्क्रोची खरखरीत बाजू पडद्याच्या कडेला लावायची, मऊ बाजू भिंतीला. उलट लावलीत तर भिंतभर काटे होतील आणि लेन्स पुसायचं फडकं दर वेळी तिथे अडकेल. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला वेल्क्रो सुचला तोच मुळी कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून. तेव्हा धूळ, धागे, केस गोळा करणं त्याच्या रक्तातच आहे.

पायपीट

एवढी उत्तरं! रानभूलताई, पाण्याची पिशवी आजच सॅकबाहेर काढली.

पुठ्ठ्याचा खोका बनवला. सॅक लॅपटॉपसकट तळाला २९ बाय १५ भरली आणि वर २८ बाय १४, म्हणून खोका २८ बाय १४, उंची २१. बसला, पण वरची चेन लावताना कोपरा अडकतो. शिवाय कॅमेरा आत कसा ठेवायचा हे कळत नाहीये. आडवा की उभा?

तिसरा डोळा

लेन्स खाली, मूठ वर. सॅक उघडली की मूठ थेट हातात यायला हवी. बॉडी आणि २४-१०५ मिळून लांबी १८ सेंटिमीटरच्या आसपास जाते. २१ च्या डब्याला आत साडेअठरा मिळतील, पुरे. बॉडीची रुंदी १२.७ आणि उंची ९.६, म्हणजे आत २५.५ बाय ११.५ मध्ये आरामात. शेजारी ७०-३०० उभी, तिचा व्यास ८.४ आणि बंद असताना लांबी १४.४.

मात्र लेन्सच्या टोकावर अख्खा कॅमेरा उभा राहतो, तेव्हा तळाला फोमचा जास्तीचा तुकडा घाला. आणि बॉडीच्या खांद्यांना दोन्ही बाजूंनी पडद्यांचा टेकू द्या, म्हणजे भार लेन्सच्या नळीवर न येता पडद्यांवर येईल. मोठ्या, जड लेन्सला हा प्रकार नको, ती सुटीच ठेवावी.

हूड (लेन्सच्या तोंडावर लावायची, ऊन अडवणारी कडी) उलटं लावून ठेवायची सवय असेल तर तेही धरून मोजा, व्यास चांगला सेंटिमीटरभर वाढतो.

काथ्याकूट

चेन अडकते म्हणताय तर उंची कमी करू नका, झाकण नसलेला इन्सर्ट बघा. सॅकला चेन आहे, वर डब्याला पुन्हा चेन कशाला? (हो, मीच विरोध करत होतो. करमत नाही म्हणून येतो.)

रानभूल

झाकणाबद्दल असहमत. सॅकमध्ये किल्ल्या, पेनं, चार्जरचे पिन सुटे फिरत असतात. ते डब्यात उतरले की स्क्रीनवर रेघा. झाकण हवंच, पण चेनच्या आत कापडाची पट्टी आहे का ते बघा. माझ्या पहिल्या इन्सर्टला ती नव्हती. कॅमेरा काढताना-ठेवताना चेनचे दात स्क्रीनवर घासत राहिले आणि वर्षभरात कोपऱ्याची चकाकी गेली.

दुसरा फायदा विमानतळावरचा. केबिनमध्ये जागा नाही म्हणून ऐनवेळी सॅक खाली सामानात टाकायला सांगतात. तेव्हा झाकणाचा, मुठीचा इन्सर्ट उचलायचा आणि सॅक देऊन मोकळं व्हायचं. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या तर केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. तुमच्या कॅमेऱ्याची एनपी-एफझेड १०० बॅटरी १६.४ वॉट-अवरची, विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत आरामात बसते. तिची टोकं मात्र झाकलेली हवीत, टोपणाशिवाय खिशात टाकू नका.

ढगाळ

वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक राहिलं. इन्सर्ट हा न्यायचा डबा आहे, ठेवायचा नाही. पावसाळी हवेतून घरी आलात आणि कॅमेरा तसाच चेन लावून फोममध्ये ठेवलात तर आतला ओलावा आतच राहतो. वर अंधार. बुरशीला आणखी काय हवं? हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहू लागली की लेन्सला धोका सुरू होतो. घरी आलं की सामान बाहेर काढायचं, इन्सर्ट उलटा करून झटकायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडी करायची. नाहीतर ती नुसती शोभेची पुडी.

आणि इन्सर्ट जुना असेल तर आत बोट फिरवून बघा. मऊ पॉलियुरेथेन फोम दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो आणि भुगा सुटतो. तो भुगा लेन्सच्या रिंगमध्ये गेला की करा साफसफाई.

आलेमिया

घरात पडलेला टिफीन-कव्हर छाप काही वापरून चालेल का?

जुगाडू

भिंती ताठ असतील तर चालेल. रिकामा डबा सॅकमध्ये कोसळून पडत असेल तर नाही. कॅमेरा काढल्यावर तोंड मिटतं, मग परत ठेवायला दोन हात आणि तीन शिव्या लागतात.

पायपीट

दोन आठवड्यांनी हजेरी लावतोय.

टेन्बाच्या बीवायओबी मालिकेतले इन्सर्ट आवडले होते, नावच मुळी 'तुमची बॅग तुम्ही आणा' अशा अर्थाचं. पण माझ्या गोल कोपऱ्यांच्या सॅकमध्ये चौकोनी काहीच धड बसेना, म्हणून शेवटी जुगाडूंच्या मार्गाने गेलो. मॅट १० मिलिमीटरची, तळाला दुहेरी, पुढचे दोन कोपरे तिरके कापले, झाकणाला चेनच्या आतून पट्टी. शिवण बघून घरच्यांनी बरंच तोंडसुख घेतलं. चेन आता लागते.

५० एमएम बसली नाही. ७०-३०० च्या डोक्यावर जेमतेम चार सेंटिमीटर उरतात आणि ती सहाची. जाड लोकरी मोज्यात घालून सॅकच्या वरच्या खिशात टाकली. ७०-३०० चं हूड काढून जॅकेटमध्ये गुंडाळतो, त्यामुळे एका कडेला दोन बॅटऱ्यांपुरती फट मिळाली.

चूक एकच झाली. अस्तर काळं निवडलं. संध्याकाळी पुलावर उभं राहून काळ्या डब्यात काळं लेन्स कॅप दहा मिनिटं चाचपत होतो, ते निघालं पँटच्या खिशात. आता पिवळं कापड शोधतोय.

रानभूल

कापड बदलत बसू नका. कॅपवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवा.