लांबचं युद्ध आणि हातातला फोन: तुमचे अनुभव लिहा

मुलुंडची मावशी:
नमस्कार मंडळी. रशिया-युक्रेन युद्ध फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालं, त्याला वर्षं उलटली. मधे लाल समुद्र झाला, गाझा झालं, मे २०२५ मध्ये तर आपल्याच दारात येऊन गेलं. कोण बरोबर कोण चूक यावर आपण सगळे भरपूर बोलतो, पण त्या बातम्यांबरोबर आपल्या घरात दिवस कसे गेले हे कोणी लिहीत नाही म्हणून हा धागा काढते. एकच विनंती, स्वतः पाहिलं-भोगलं ते लिहा आणि ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगा. असं का म्हणते ते खाली वाचा.

माझा भाचा खारकीवला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी नऊच्या आत ताईचा फोन, अगं तिकडे बॉम्ब पडतायत, आणि मी डबे भरत होते ते तसेच ओट्यावर राहिले. त्यानंतरचे दहा-बारा दिवस आमचं घड्याळच बदललं, तिकडची वेळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे त्यांची रात्र संपेपर्यंत आपण उठून आंघोळी करून बसलेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं लास्ट सीन बघत राहायचं. पोरं मेट्रो स्टेशनात झोपायची, चार्जिंगसाठी नंबर लावायची, म्हणून तो दिवसातून एकदाच 'ओके' एवढंच टाकायचा. तेवढ्यावर ताई जेवायची.

आता जे सांगायचंय ते. चौथ्या की पाचव्या दिवशी एका ग्रुपवर मेसेज आला की उद्या दुपारी स्टेशनवरून भारतीय मुलांसाठी खास गाडी सुटणार आहे, सगळ्यांना कळवा. कोणी लिहिलं, कुठून आलं, काही बघितलं नाही, मी तो जसाच्या तसा त्याला पाठवला. तो आणि आणखी सहा मुलं तळघर सोडून चालत स्टेशनवर गेली. गाडी नव्हतीच. गर्दी एवढी की बायका-लेकरांनाच आत घेत होते, आणि परत येताना अंधार पडला, वाटेत स्फोट झाले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पुढे १ मार्चला त्याच शहरात खाण्याचं सामान आणायला गेलेला कर्नाटकातला एक मुलगा गेला, ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, मला बाहेर येववेना. तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही.

२ मार्चला मात्र दूतावासाचीच सूचना आली, खारकीव ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत पेसोचिन, बाबाये, बेझल्युदोव्का गाठा, संध्याकाळी सहाच्या आत, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. या वेळी मी तीन ठिकाणी बघून, अधिकृत पानावर स्वतः वाचून मगच त्याला फोन केला. तो म्हणाला मावशी आम्ही निघालोय कधीच. बर्फातून दहा-अकरा किलोमीटर चालले. पोलंडमार्गे परत आला.

दर्यावरचं घर:
मावशी, तुमचं वाचून हात थरथरले. मी बोरिवलीची, नवरा मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर. युद्ध आमच्याकडे ठिपका बनून आलं.

जहाजांची जागा दाखवणारं अ‍ॅप असतं, जहाजावरचा एआयएस सिग्नल पकडून नकाशावर ठिपका दाखवतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलक्सी लीडर' जहाज पळवून नेलं तेव्हापासून तो ठिपका बघणं हेच माझं काम झालं. यांचं जहाज जानेवारी २०२४ ला लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जायचं होतं. त्या दिवसात कित्येक जहाजं जायच्या बंदराचं नाव लिहितात त्या जागी 'इस्राएलशी संबंध नाही' किंवा 'सगळे खलाशी चिनी' असं लिहायची, म्हणजे कोणी नेम धरत असेल तर वाचावं म्हणून. मी ते स्क्रीनवर बघितलंय, एकेका ठिपक्यावर बोट ठेवायचं आणि ती विनवणी वाचायची. मग यांचा ठिपका गेला. सिग्नल मुद्दाम बंद करतात हे मला माहीत होतं, निघायच्या आधी यांनीच सांगितलं होतं, तरी चौदा तास मी त्या निळ्या पाण्याकडे बघत बसले, सासूबाईंना सांगितलं की नेटवर्क नाही.

लोक म्हणतात त्या पट्ट्यात डबल बेसिक मिळतो ना. मिळतो, करारात तसं आहे, आणि जायला नकार द्यायचा हक्कही असतो. पण कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या माणसाला नकार देताना पुढच्या जॉईनिंगचा विचार येतोच, कागदावरचा हक्क वापरायला पोटात बळ लागतं.

२६ जानेवारीला 'मार्लिन लुआंडा' टँकरवर क्षेपणास्त्र पडलं. त्यावर २२ भारतीय होते. आपली आयएनएस विशाखापट्टणम आग विझवायला गेली, ते फोटो बघताना मी जहाजावरचा काळा झालेला भाग मोठा करून करून बघत होते, हे त्यावर नाहीत हे माहीत असूनही. पुढच्या खेपेला कंपनीने केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला, दहा-बारा दिवस जास्त. मुलाचा वाढदिवस हुकला. चालेल म्हटलं.

गिरगाव ७१:
मी वयाने मोठा आहे, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

डिसेंबर १९७१ ला मी दहा वर्षांचा, गिरगावात चाळीत. ३ डिसेंबरच्या रात्रीपासून ब्लॅकआऊट. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद खळीने चिकटवलेला, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले, भोंगा वाजला की चाळीतला दिवा न् दिवा बंद, आणि कुठे फट दिसली की खालून वॉर्डन ओरडायचा, तिसरा मजला, लाईट! आम्हा पोरांना मजा वाटायची हे खरं आहे. रेडिओ आमच्या मजल्यावर दोनच घरात. बातम्या लागल्या की अख्खा व्हरांडा गोळा व्हायचा.

९ तारखेच्या रात्री आयएनएस खुकरी दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. आमच्या शेजारच्या काकूंचा धाकटा भाऊ नेव्हीत, मूळ रत्नागिरीकडचा, कुठल्या जहाजावर ते घरच्यांनाही माहीत नसायचं, पत्रावर फक्त फ्लीट मेलचा पत्ता. ती बातमी आल्यावर काकूंनी दार लावून घेतलं. आणि मला आठवतं ते हे, की कोणी न सांगता मजल्यावरचे दोन्ही रेडिओ बारीक झाले. लोक कान लावून ऐकायचे पण आवाज त्यांच्या दारापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. सहा दिवसांनी भावाचं कार्ड आलं, तो दुसऱ्या जहाजावर होता. त्या दिवशी परत रेडिओ मोठा झाला. आता हातातला फोन कोणाच्या दारासमोर बारीक करायचा?

मधली पाळी:
काका, शेवटचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मी एका छोट्या मराठी दैनिकात रात्रपाळीला आहे. ८ मे २०२५ ची रात्र. आदल्या दिवशी पहाटे ऑपरेशन सिंदूर झालेलं, दुपारी चारला मुंबईत सायरनची मॉक ड्रिल झालेली, सगळे ताणलेले. रात्री अकरानंतर टीव्हीवर सुरू झालं, कराची बंदरावर हल्ला, कराची उद्ध्वस्त. ऑफिसात टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. पान सोडायला तासभर, मथळा लावून तयार, आठ कॉलम. आमचे वृत्तसंपादक उठून आले आणि म्हणाले, कोण म्हणतंय? मी म्हटलं सगळेच म्हणतायत. ते म्हणाले सगळे म्हणजे कोण, नाव सांग. संरक्षण मंत्रालयाचं काही नव्हतं, नौदलाचं नव्हतं, एजन्सीवर नव्हतं. एक चॅनेल दुसऱ्याचं बघून, दुसरं तिसऱ्याचं. मथळा काढला. बाहेर लोक फटाके लावत होते आणि आम्ही पानावर जे नक्की माहीत होतं तेवढंच लावून सोडलं, फिकं दिसत होतं.

सकाळी कराची जागेवर होतं. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाने सांगितलं की कराचीपर्यंत मारा करायची तयारी होती. तयारी होती आणि हल्ला झाला यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्या रात्री पूंछमध्ये तोफा चालू होत्या, माणसं मेली होती, ती बातमी कराचीच्या खाली गेली, त्याचं मला जास्त लागलंय.

लालबाग फरसाण:
आमचं थोडक्यात. चिवडा-शेवेचा धंदा, वडिलांपासून. मार्च २०२२ ला सूर्यफूल तेलाचा डबा रोज वेगळ्या भावाने, कारण आपलं सूर्यफूल तेल बहुतेक सगळं युक्रेन आणि रशियातूनच यायचं. पामवर जावं म्हटलं तर एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामची निर्यात बंद केली, जवळजवळ महिनाभर. दोन कामगारांना गावाला पाठवावं लागलं. तेव्हापासून मला युक्रेनचं ओडेसा बंदर पाठ झालं. जुलैत इस्तंबूलला धान्य बाहेर काढायचा करार झाला, १ ऑगस्टला पहिलं धान्याचं जहाज ओडेसाहून निघालं, त्या रात्री मी दुकान बंद करून त्याची बातमी शोधत बसलो होतो. सुरुवातीला फक्त भावासाठी बघायचो. नंतर भाव उतरला तरी बघतच राहिलो.

नकाशेवाला:
मी निवृत्त सर्व्हेअर, राहायला परळ. मला युक्रेनचं युद्ध नकाशावर कळलं. रणांगणावरचा व्हिडिओ आला की त्यातली टाकी, छताचा रंग, रस्त्याचं वळण उपग्रहाच्या फोटोशी जुळवायचं, सावलीवरून वेळ काढायची आणि मग सांगायचं की ही जागा नक्की कुठली. नासाचा आगी दाखवणारा नकाशा आहे, वणव्यांसारख्या आगींसाठी केलेला, त्यावर लाल ठिपक्यांची रांग दिसली की तिथे तोफा चालू आहेत असा अंदाज येतो. या पद्धतीने खूप खोटं पकडलं जातं. सुरुवातीला विमान पाडल्याचे जे व्हिडिओ फिरत होते त्यातले काही चक्क कॉम्प्युटर गेममधले होते. आणि 'कीवचं भूत' म्हणून जो एकटा वैमानिक सगळे सांगत होते, ती दंतकथा आहे असं युक्रेनच्या हवाई दलाने स्वतःच एप्रिल २०२२ च्या शेवटी सांगितलं.

पण युक्रेनमधल्या बाखमुतच्या लढाईच्या वेळी मला काहीतरी झालं. महिनोन्‌महिने रोज रात्री नकाशावरची आघाडीची रेघ किती सरकली ते बघायचं. दोनशे मीटर, चारशे मीटर. एके दिवशी रेघ सरकली नाही आणि मला चुकल्यासारखं वाटलं, खरंच, क्रिकेट रद्द झाल्यावर वाटतं तसं. बायको बाजूला भाजी निवडत होती, तिने विचारलं, त्या गावात माणसं किती राहायची हो? मी शोधून सांगितलं, सत्तर हजाराच्या आसपास. ती म्हणाली मग आता कुठायत? मला रस्त्यांची नावं माहीत होती, टेकड्यांची उंची माहीत होती, हे माहीत नव्हतं. नकाशे अजून बघतो. पण आता प्रत्येक गावाची आधीची वस्ती वहीत लिहून ठेवतो.

सात रस्ता:
लिहू की नको करत दोन दिवस गेले. माझ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं. एका घरात बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आजी, जन्म इथलाच, मराठी आपल्यापेक्षा चांगलं. भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला, आठवड्याला फोन, तोही मराठीतच. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर आजींचा भाऊ फोनवर बोलता बोलता 'थांब गं' म्हणून फोन टाकून पळायचा, सायरन झाला की त्यांच्याकडे पाऊण मिनिटात आत जावं लागतं. आजी रिसीव्हर तसाच कानाला धरून उभ्या. दुसऱ्या घरात माझी मैत्रीण, शाळेत शिक्षिका, ती गाझातल्या मुलांचे फोटो बघून जेवण टाकायची, चपराशाशीसुद्धा बोलत नव्हती असे दिवस गेले. पंचवीस वर्षांचा शेजार, ईदचा शीरखुर्मा इकडून तिकडे, आणि आता दोन्ही घरातून टीव्हीचा आवाज पॅसेजमध्ये यायचा आणि दारं बंद.

भावाचा नातू राखीव सैनिक म्हणून गेला होता तो परत आला, आजींनी नवस बोलला होता एलियाहू हानाबीचा, म्हणजे त्यांच्या प्रेषिताचा, मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, फळं. मला ताट दिलं आणि हळूच विचारलं, समोर पाठवू का गं आत्ता? मी म्हटलं, आत्ता नको. मी बरोबर बोलले की चूक, मला आजतागायत कळलेलं नाही. ते ताट संध्याकाळपर्यंत झाकलेलं तसंच ओट्यावर होतं.

मुलुंडची मावशी:
सगळ्यांचं वाचतेय, रात्री पुन्हा वाचते. सात रस्ता, तुम्हाला काय सांगू, मीही तेच म्हटलं असतं बहुतेक.

काहींनी भाच्याचं विचारलं. राहिलेलं शिक्षण दुसऱ्या देशातून पुरं केलं, इथली परीक्षा पास झाला, आता इंटर्नशिप. खारकीवच्या हॉस्टेलवर दाराशी बसणारी एक बाई होती, पोरं तिला बाबुश्का, म्हणजे आजी, म्हणायची, ती शहर सोडून गेली नाही. अजून याला मेसेज करते, हा रशियन भाषेत उत्तर द्यायचा ते आता मोडकंतोडकं युक्रेनियन शिकलाय तिच्यासाठी. तिथे बॉम्बच्या भीतीने शाळा मेट्रो स्टेशनात भरतात. परवा तिने नातीचा फोटो पाठवला, छोटे बाक, भिंतीला चित्रं लावलेली. भाच्याने फोटो मोठा करून मागचा खांब दाखवला, म्हणाला मावशी, याच खांबाला टेकून मी झोपायचो, चार्जिंगचा पॉइंट उजवीकडे आहे.