अनुभव धागा: नवा फोन कोणता घेतलात, आणि एक पावसाळा काढल्यावर तो कसा आहे?

फोंडा, धागा सुरू करताना

माझ्या फोनला सुरक्षा अपडेट येणं बंद झालंय. बँकेचं ॲपही उघडताना बजावतं की या फोनवर ते फार काळ चालणार नाही. गणपतीची चवथ तोंडावर आली, दुकानांबाहेर ऑफरींचे फलक लागलेत. घ्यायचा तर आताच. बजेट पंचवीस हजारांच्या आसपास, फारच पटलं तर तीस.

व्हिडिओवरची परीक्षणं भरपूर बघून झाली. पण ती बहुतेक फोन डब्यातून काढल्यावर आठवड्याभरात केलेली असतात. आपल्याकडे गोव्यात जूनपासून भिंतींना ओल धरते, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, आणि फोनही त्याच हवेत असतो. जरा वारा सुटला की लाईट जाते. डोंगराआड रेंज नाही. यातलं काहीच त्या परीक्षणांत नसतं. म्हणून इथं विचारतेय.

कुठं राहता, फोन कोण वापरतं, कशासाठी, आणि एक तरी पावसाळा गेल्यावर त्याचं काय झालं, ते लिहा. मॉडेलचं नाव द्या, पण तोच का घेतला हे मला जास्त हवंय. न घ्यायचं ठरवलं असेल तर तेही लिहा. नुसते आकडे मात्र नकोत, ते डब्यावर छापलेले असतात.

सत्तरी, वाळपईच्या पुढं

ताई, सगळ्यात आधी घरातली रेंज बघा. आमचं घर कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागायतीच्या आत, तिन्ही बाजूंनी डोंगर. फोन वाजला की स्वयंपाकघराच्या खिडकीत धावायचं, नाहीतर छत्री घेऊन फणसाखाली. गेल्या वर्षी फोन बदलायचं ठरलं तेव्हा भावोजींचा, शेजारच्या मुलाचा, मिळेल त्याचा फोन मागून आणला आणि त्यात आमचंच सिम घालून घरभर फिरलो. सिम तेच, खिडकी तीच, पण प्रत्येक फोनचं वागणं वेगळं. एकावर बोलणं स्पष्ट ऐकू यायचं, दुसऱ्यावर नुसती खरखर.

५जी लिहिलं म्हणजे सगळे बँड, म्हणजे रेडिओलहरींचे पट्टे, त्यात आहेत असं धरून चालू नका. आपल्या देशात ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्याला एन७८ म्हणतात. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ पण आहे. फ्रीक्वेन्सी कमी तेवढी लहर लांब जाते, झाडीतून आणि भिंतीतून आत शिरते. आमच्यासारख्या ठिकाणी त्याचाच फरक पडतो. कंपनीच्या पानावर बँडची यादी दिलेली असते, ती वाचायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरं म्हणजे वाय-फाय कॉलिंग. घरात फायबर आलेलं असेल तर रेंज नसतानाही साधा कॉल वाय-फायवरून लागतो. पण तुमच्या सिमच्या कंपनीसाठी त्या मॉडेलवर ती सोय चालू आहे का, हे दुकानातच विचारून घ्या. आम्ही राउटरला छोटा यूपीएस लावलाय. लाईट गेली तरी आता फणसाखाली जावं लागत नाही.

म्हापसा, मोबाईल दुरुस्ती

मी रोज फोन उघडतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पावसाळा सुरू झाला की काउंटरवर येणारे फोन बदलतात. पाण्यात पडलेले त्यात कमी. जास्त येतात ते ‘काहीच झालं नाही, फक्त चार्ज होत नाही’ म्हणणाऱ्यांचे. पाऊस अंगावर घेत स्कूटरवरून घरी यायचं, फोन पँटच्या ओल्या खिशात, आणि आल्या आल्या चार्जरला लावायचा. ओल्या पोर्टातून, म्हणजे चार्जरच्या भोकातून, करंट गेला की धातू झपाट्यानं खाल्ला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसतो, मधली एखादी पीन तर शिल्लकच नसते. आता बऱ्याच फोनांत पोर्टात ओल असल्याची सूचना येते. ती आली की चार्जर बाजूला ठेवा. दुसरी केबल लावून बघणं हा त्यावरचा उपाय नाही.

उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवलेले फोन तर दर पावसात येतात. आतलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टात बसते. ॲपलनंही आपल्या ग्राहकांना तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय. फोन बंद करा, पोर्ट खाली करून हातावर हलके आपटा आणि पंख्याच्या हवेत ठेवून द्या. गरम हवेचा ड्रायर नको.

आता आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाण्यापासून फोन किती सुरक्षित त्याचा दर्जा. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. आयपी६४ नुसत्या शिंतोड्यांपुरतं. या चाचण्या नव्या फोनवर आणि गोड्या पाण्यात होतात. आतलं सील गोंदाचं असतं, ते जुनं होतं. पडदा बदलताना फोन उघडला आणि नवा गोंद नीट बसवला नाही तर रेटिंग फक्त डब्यावर उरतं. आणि आयपी६८ असला तरी पाणी आत गेल्याचा खर्च वॉरंटीत सहसा बसत नाही. तरीसुद्धा माझं ठाम मत आहे की गोव्यात घेताना निदान आयपी६७ घ्यावा, कारण ज्या फोनला ते असतं त्याची जोडणीच जास्त काळजीपूर्वक केलेली असते. दमट हवा आत कमी जाते. मेगापिक्सेलचे पैसे इथं लावा.

घेण्याआधी एक फोन करा: त्या मॉडेलचा मूळ पडदा आणि बॅटरी केवढ्याला, आणि गोव्यातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळते की बाहेरून मागवावी लागते? कधीकधी पडद्याची किंमत फोनच्या तिसऱ्या हिश्शाला जाते. ॲमोलेड पडद्यावर अचानक उभी हिरवी रेघ आलेले फोन मी बघितलेत, न पडता न भिजता. वॉरंटी संपल्यावर ती रेघ आली की लोक रडकुंडीला येतात.

‘८ अधिक ८ जीबी रॅम’ लिहिलेलं असेल तर दुसरे ८ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. खरी रॅम पहिलीच.

सेकंडहँड घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा आणि केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर कळतं. ही तपासणी दुकानदारासमोरच करा, त्यात संकोच कसला?

खारीवाडा, वास्को

म्हापशाच्या दादांनी गोड्या पाण्याचं लिहिलं ते बरं केलं. आमच्याकडे सगळा कारभार खाऱ्या पाण्याशी. माहेर वेंगुर्ल्याचं, सासर इथलं, दोन्हीकडे मासेमारी. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ट्रॉलर नांगरलेले, तेव्हाच यांना दुकानात जायला सवड मिळते.

यांचं मागणं एकच, भर दुपारी डेकवर पडदा दिसला पाहिजे. दुकानाच्या एसीत सगळेच पडदे झकास दिसतात. आम्ही एकेक फोन हातात घेऊन दुकानाबाहेर उन्हात गेलो. विकणारा मुलगा आधी बिचकला, मग स्वतःच बरोबर आला. दोन फोनांवर नुसता काळा आरसा, आपलंच तोंड दिसतंय. जो घेतला त्यावर इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेची, मासळी कुठं मिळेल त्या पट्ट्याची माहिती आणि हवामानाचा इशारा हात आडवा न धरता वाचता येतो.

ओल्या बोटांचंही तिथंच बघून घेतलं. बाटलीतलं पाणी बोटाला लावून नंबर फिरवायचा. काही पडदे थेंबालाच बोट समजतात आणि भलतीकडेच फोन लागतो.

फोन आयपी६८ आहे. खारं पाणी उडालं की चार्जर न लावता गोड्या पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यानं पुसून, वाळवून ठेवतात. समुद्रावर असताना तो प्लॅस्टिकच्या पाऊचमध्येच असतो, रेटिंग काहीही असो.

डिचोली, शिक्षिका

मी सासूबाईंसाठी घेतला. त्यांनी उमेदीची वर्षं काजूच्या कारखान्यात काढली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, त्यामुळे अंगठ्यांवरच्या रेषा जवळजवळ पुसल्यात. आधारच्या वेळीही त्रास झाला होता. जुन्या फोनवर दर वेळी नमुना काढावा लागे आणि हात थरथरला की फोन कुलूपबंद.

म्हणून त्यांनाच दुकानात घेऊन गेले. पडद्याखालच्या सेन्सरनं त्यांचा अंगठा घेतलाच नाही. बाजूच्या बटणावरच्या सेन्सरनं घेतला, तोही तोच अंगठा दोन वेगळी बोटं म्हणून दोनदा नोंदवल्यावर. दुकानदारानंच ही युक्ती सांगितली, आणि ती खरंच चालते. शेवटी सॅमसंगचा गॅलेक्सी ए२६ घेतला. बाजूला सेन्सर, आयपी६७, मेमरी कार्डाची जागा आणि सहा वर्षांची अपडेट. तुमच्या बजेटमध्येही बसेल, ताई.

अक्षरं सगळ्यात मोठी करून दिलीत. टायपिंग त्यांना जमत नव्हतं, आता माईकचं बटण दाबून मराठीत बोलतात. पहिला निरोप पुण्याच्या नातीला गेला: ‘बाय, चवथीक कधी येतलीस?’ अर्धं कोकणी असल्यामुळे फोननं त्याचं भलतंच काहीतरी लिहिलं, पण नातीला कळलं. एक पावसाळा उलटलाय. बाजूचं बटण पावडरच्या हातानं जरा चिकट होतं, कोरड्या फडक्यानं पुसते. बाकी तक्रार नाही.

काणकोण, विद्यार्थी

अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. हे बघूनच मी गेल्या पिढीचा वरचा फोन घेतला. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, सात वर्षं म्हणजे २०३० पर्यंत. गॅलेक्सी एस२४ जानेवारी २०२४ चा, त्यालाही सात. तेच आज नवा म्हणून मिळणारा एखादा स्वस्त फोन दोन वर्षांत अपडेट थांबवणार असेल तर तो महागात पडतो. किंमत भागिले उरलेली वर्षं, एवढाच हिशेब मी वहीत मांडला. सीलबंद फोन आणि पक्कं बिल मिळत असेल तरच मात्र जुनी पिढी घ्या.

मडगाव

मी घेतला नाही. बॅटरी दुपारपर्यंत संपायची, बाकी फोन ठणठणीत होता आणि अपडेट अजून येत होती. अधिकृत सेंटरमध्ये बॅटरी बदलून घेतली, फोन परत दिवसभर चालतो. आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याचं सेटिंग चालू ठेवलंय आणि गाडीच्या काचेखाली उन्हात फोन ठेवणं बंद केलंय. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेसारखा दुसरा शत्रू नाही. ताई, तुमच्या फोनची अपडेटच थांबलीत, त्यामुळे तुमचं प्रकरण वेगळं आहे.

कवळे

आमच्या गावात उत्सवाला नाटक असतं, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाट होते. मी काम करतो आणि माझं नसेल तेव्हा चित्रीकरण करतो. म्हणून माझी निवड कॅमेऱ्यावर, पण मेगापिक्सेलवर नव्हे. रंगमंचावर प्रकाश पात्राच्या तोंडावर आणि मागं मिट्ट काळोख. साधा फोन काळोख बघून उजेड वाढवतो आणि राजाचं तोंड पांढरं फटक होतं. दुकानात मी फोन ट्यूबलाईटच्या बाजूला उभ्या माणसावर रोखला, पडद्यावर बोट दाबून धरलं आणि उजेड कुलूपबंद करता येतो का, खाली ओढता येतो का, ते बघितलं. दुसरी अट ओआयएस, म्हणजे भिंगच हात सावरून घेतं. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा असला काय, नसला काय, मी तो मोजतच नाही.

जागा किती लागते बघा. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलंय, ४के ३० फ्रेमचं चित्रीकरण मिनिटाला सुमारे १७० एमबी, १०८० पी असेल तर ६० एमबी. तीन तासांचं नाटक ४के मध्ये तीस जीबी खातं. १२८ जीबीचा फोन दोन उत्सवांत भरतो. कार्डाची जागा नसेल तर २५६ च घ्या. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगलेल्या चौकटीचे, फोटो मात्र कुठल्याही बऱ्या फोनवर छान येतात, त्यासाठी जास्त पैसे घालू नका.

चोडण

रायबंदरच्या फेरीत बसून लिहितोय, थोडक्यात. ‘नो-कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते, घेणार असाल तर बँकेचं पत्रक वाचा. व्याजाएवढी सूट आधी देतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्क वेगळं. रक्कम मोठी नसते, पण ती आधी माहीत असावी. धंदा असेल आणि जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो घालून घ्या. मोबाईलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे.

फोंडा, धागा सुरू करणारी

सगळ्यांना देव बरें करूं. शनिवारी आमचं सिम घेऊन ए२६ आणि गेल्या पिढीचा एक फोन घरातल्या मागच्या खोलीत लावून बघणार आहे, शेजारणीनं द्यायचं कबूल केलंय. पडद्याची किंमत विचारायला आजच फोन केला, सेंटरवाल्यानं लगेच सांगितली. चवथीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी घेतला तर जुन्या फोनवरचं सगळं नव्यावर हलवणं एका संध्याकाळी होईल ना?

साखळी, बँकेत नोकरी

वहिनी, बाजाराच्या आदल्या दिवशी नको. नव्या फोनवर युपीआय नोंदवताना सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, तिथूनच बँकेला एसएमएस जातो. त्यानंतर पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा असते. माटोळीचं सामान, फटाके, कपडे एवढ्यात बसत नाहीत आणि मग लोक आमच्या काउंटरवर येऊन भांडतात. निदान चार दिवस आधी घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप वाय-फायवर रात्री लावा, जुना फोन लगेच एक्स्चेंजमध्ये देऊ नका, आणि द्याल तेव्हा आधी युपीआय ॲपमधून खातं काढून टाका, मगच फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे फोनवरचं सगळं पुसा.