शब्दचर्चा : ‘ड्रेसिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

ग्रीसमधील ‘मारुलोसालाता’ या साध्या हिरव्या सॅलडची कृती मी मराठीत लिहीत आहे. लेट्यूस, कांद्याची पात आणि शेपू बारीक चिरून त्यांत ऑलिव्हचे तेल, लिंबाचा रस आणि मीठ घातले की हा पदार्थ तयार होतो. जगभरच्या हॉटेलांत ‘ग्रीक सॅलड’ म्हणून जे वाढले जाते, ते मात्र हे नव्हे. त्याचे ग्रीसमधले नाव ‘होरिआतिकी’, म्हणजे ‘गावाकडचे’; त्यात टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि फेटा चीज असते, लेट्यूस नसते, आणि ते टोमॅटोच्या हंगामातले, म्हणजे उन्हाळ्यातले खाणे आहे. मारुलोसालाता हिवाळ्यापासून वसंतापर्यंत होते आणि ईस्टरच्या दिवशी भाजलेल्या कोकराच्या मांसाबरोबर ते हमखास असते.

माझे दोन शब्दांपाशी अडले आहे. ‘सॅलड’ला सरळ ‘कोशिंबीर’ म्हणावे काय? आणि ‘ड्रेसिंग’चे काय करावे? मराठीत ‘ड्रेसिंग करून आलो’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला दवाखाना आणि जखमेची पट्टी आठवते. तो शब्द पानाफुलांच्या ताटात नको वाटतो. ‘फोडणी’ म्हणावी तर येथे काहीच तापवायचे नाही. तेल आणि आंबट रस घुसळून होणाऱ्या मिश्रणाला शास्त्रीय परिभाषेत ‘पायस’ म्हणतात, परंतु दशरथाच्या यज्ञातून मिळालेले पायस ज्यांच्या कानांत बसले आहे, त्यांना त्या शब्दाने खीरच दिसणार.

प्रतिसाद १

‘कोशिंबीर’ हा शब्द मला येथे थोडा आखूड वाटतो. कोशिंबीर म्हटले की चोचवलेली काकडी किंवा किसलेले गाजर, दही, दाण्याचे कूट आणि वरून फोडणी असे चित्र उभे राहते. दह्याविना लिंबू पिळून केलेल्या कोशिंबिरी आहेत, हे खरे. तरी पालेभाजीच्या नुसत्या कच्च्या पानांना आपण सहसा कोशिंबीर म्हणत नाही.

‘सालाता’ या ग्रीक शब्दाचे मूळ इटलीकडचे आणि त्याच्या पोटात लॅटिन ‘साल’, म्हणजे मीठ आहे. सालाता म्हणजे ‘मीठ लावलेले’. ‘मारुली’ म्हणजे लेट्यूस, आणि तो शब्द लॅटिनमधील कडू या अर्थाच्या ‘आमारुस’पासून आला आहे. म्हणजे मारुलोसालाता या नावातच कडवट पान आणि मीठ या दोन गोष्टी सांगून झाल्या आहेत.

प्रतिसाद २

आपण ज्या पदार्थाचे वर्णन केले आहे, तो आमच्याकडे विदर्भात घरोघरी होतो. फक्त पान वेगळे असते. कोवळी मेथी, कांद्याची पात किंवा हरभऱ्याची कोवळी पाने धुऊन, निथळून बारीक चिरायची, त्यांत मीठ, तिखट आणि कच्चे तेल घालून हाताने हलके घोळायचे, आणि भाकरीबरोबर लगेच खायचे. त्याला ‘घोळाणा’ म्हणतात. काही घरांत दाण्याचे कूट घालतात, काही घरांत घालत नाहीत. ‘पचडी’ हा शब्दही याच कुळातल्या पदार्थासाठी आहे. मेथीची पचडी, कोबीची पचडी असे आपण म्हणतो. दक्षिणेकडच्या भाषांमध्ये ‘पच्च’ या मुळाचे अर्थ हिरवा आणि कच्चा असे दोन्ही होतात. तेथे पचडी म्हणजे चटणी किंवा दह्यातला पदार्थ असला, तरी मराठीतली पचडी त्या जुन्या अर्थाशी अधिक प्रामाणिक राहिली आहे, असे मला वाटते.

तरीही मी ‘घोळाणा’ हाच शब्द सुचवीन. तो मसाल्यावरून पडलेला नाही, भाजीवरूनही नाही. तो हाताच्या क्रियेवरून पडला आहे. चिरलेल्या प्रत्येक पानाला तेलाचा हात लागेपर्यंत ते घोळायचे, आणि मारुलोसालाताचा सगळा कस त्या एका क्रियेत आहे.

प्रश्नकर्ता

‘घोळाणा’ वाचून मला मनापासून आनंद झाला. एक शंका मात्र विचारतो. पुणे, मुंबई आणि कोकणातल्या अनेक वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल. ‘घोळ’ या पालेभाजीशी किंवा गोंधळ या अर्थाच्या ‘घोळा’शी ते तो जोडतील. शिवाय तिखटाविना घोळाणा कोणी मान्य करील काय?

प्रतिसाद २

शब्द ठाऊक नसेल तर एकदा वाक्यात उलगडून द्यावा आणि पुढे निःसंकोच वापरावा. ‘होरिआतिकी’चा अर्थ आपण सांगितलाच ना? मग घरच्या शब्दाला तेवढी जागा देणे अवघड का व्हावे? तिखटाचे म्हणाल, तर शेपू त्याची उणीव भासू देत नाही. ग्रीकमध्ये शेपूला ‘आनिथोस’ म्हणतात. मत्तयच्या शुभवर्तमानात पुदिना आणि जिरे यांच्याबरोबर ज्या वनस्पतीचा दशमांश देण्याचा उल्लेख आहे, ती मूळ ग्रीक पाठात हीच आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात मात्र तिची बडीशेपेसारखी दुसरी वनस्पती झाली. मराठी वाचकाला ही चूक होण्याचे कारण नाही, कारण शेपूची जुडी आणि बाळंतशेपा दोन्ही त्याच्या घरात असतात.

प्रतिसाद ३

‘ड्रेसिंग’च्या प्रश्नाकडे परत येतो, कारण त्यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही. ग्रीक स्वयंपाकात या मिश्रणाला ‘लादोलेमोनो’ म्हणतात. ‘लादी’ म्हणजे तेल, ‘लेमोनी’ म्हणजे लिंबू. दोन्ही जोडले की नाव झाले. लिंबाऐवजी व्हिनेगर घातले तर ‘लादोक्सिदो’. म्हणजे ग्रीक भाषेने ‘सजावट’ किंवा ‘पोशाख’ असा अर्थ असलेला शब्द शोधला नाही, भांड्यात जे आहे त्याचेच नाव दिले. मराठीची रीत अगदी हीच आहे. आपण पोह्यांना तेल-तिखट लावतो, कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावतो, आणि त्या मिश्रणासाठी वेगळे नाम आपल्याला कधी लागले नाही. म्हणून माझ्या मते नाम शोधण्यातच चूक होत आहे. येथे ‘लावणे’ हे क्रियापद हवे आणि त्याच्याआधी ‘तेल-लिंबू’ हा समास हवा.

‘तेल’ या शब्दाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण येथे दोन भाषा विलक्षण जवळ येतात. संस्कृत ‘तैल’ म्हणजे तिळाचे ते. पुढे तो शब्द सर्व तेलांना लागू झाला. ग्रीक ‘लादी’ हा प्राचीन ‘एलायोन’चा वंशज, आणि एलायोन म्हणजे ऑलिव्हच्या फळाचे ते; लॅटिनमार्गे इंग्रजीतला ‘ऑइल’ही तेथूनच आला. दोन्ही समाजांनी आपापल्या मुख्य पिकाचे नाव साऱ्या तेलांना दिले. ग्रीक घरात आजही नुसते ‘लादी’ म्हटले की ऑलिव्हचेच तेल समजतात. मराठी कृतीत मात्र पहिल्यांदा ‘ऑलिव्हचे तेल’ असे लिहावेच लागेल, नाहीतर वाचक शेंगदाण्याचे घेईल.

‘लिंबू’ या शब्दाबाबतही सावध राहावे. ग्रीक लेमोनी, फारसी लिमू आणि आपले लिंबू हे एकाच घराण्यातले शब्द असले, तरी फळे निराळी आहेत. तिकडचे पिवळे, मोठे आणि जाड सालीचे. आपले कागदी लिंबू लहान, पातळ सालीचे आणि अधिक झणझणीत आंबट. लेट्यूसच्या एका मध्यम गड्ड्याला 4 मोठे चमचे तेल आणि 2 मोठे चमचे रस असे तिकडचे माप असेल, तर कागदी लिंबाचा रस मी दीड चमच्यावर थांबवतो.

प्रश्नकर्ता

‘तेल-लिंबू लावावे’ की ‘लावावेत’?

प्रतिसाद ३

‘लावावे’. हा समाहार द्वंद्व आहे. ‘तेल-तिखट लावले’ म्हणतो तसे एकवचनी नपुंसकलिंगी. दोन्ही आधी एकजीव झालेले असते, म्हणून अर्थालाही एकवचनच शोभते.

प्रतिसाद १

क्रियापदांचा विषय निघाला आहे, तर ‘निथळणे’ आणि ‘पाणी सुटणे’ हे दोन शब्दही कृतीत असावेत. पाने ओली राहिली तर तेल त्यांना धरत नाही, घसरून तळाशी जाते. आणि मीठ लवकर पडले तर पाण्याने पाने मलूल होतात. ‘आयत्या वेळी’ एवढे लिहिले तरी कोशिंबीर करणारा मराठी वाचक पुढचे सगळे समजून घेईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. कृतीचा मसुदा आता असा झाला आहे :

‘लेट्यूसचा ग्रीक घोळाणा. लेट्यूसची पाने धुऊन पूर्ण निथळावीत, फडक्यावर पसरून कोरडी करावीत आणि एकावर एक रचून बोटाच्या निम्म्या रुंदीच्या लांब पट्ट्यांत चिरावीत. कांद्याची पात आणि मूठभर शेपू बारीक चिरून त्यांत मिसळावा. ऑलिव्हचे तेल, लिंबाचा रस आणि मीठ झाकणाच्या बाटलीत घालून, ते दाटसर व पांढुरके दिसेपर्यंत हलवावे. पाने बसल्यावर, आयत्या वेळी, हे तेल-लिंबू लावून दोन्ही हातांनी हलके घोळावे.’

प्रतिसाद २

‘पाने बसल्यावर’ऐवजी ‘पंगत बसल्यावर’ किंवा ‘पाने वाढल्यावर’ असे करावे. त्या वाक्यात पाने आधीच लेट्यूसची आहेत.