मुंबई विमानतळाजवळ एका रात्रीचा मुक्काम : हॉटेल कोणत्या भागात घ्यावे?

प्रश्न (हिंगणेकर, नागपूर)

नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. पुढील महिन्यात मी आणि माझे काका, जे कारखान्यात भागीदारही आहेत, कामानिमित्त परदेशी जाणार आहोत. नागपूरचे विमान संध्याकाळी साडेसातला मुंबईत टर्मिनल 1 वर उतरते आणि पुढचे विमान टर्मिनल 2 वरून पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी सुटते. काकांचे वय 67 असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे मधल्या वेळात त्यांना चार तास तरी नीट झोप मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. सहार, मरोळ, चकाला आणि विलेपार्ले पूर्व या सर्व भागांतील हॉटेले स्वतःला विमानतळालगतची म्हणवतात, पण भाड्यात दुपटीचा फरक दिसतो. अगदी जवळच्या हॉटेलसाठी जास्त पैसे मोजावेत का?

प्रतिसाद (सह्यवासी)

कामामुळे मी या भागात वरचेवर मुक्काम करतो. आपल्या बाबतीत अंतरापेक्षा वेळेचा विचार अधिक करावा, असे मला वाटते. संध्याकाळी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर दोन किलोमीटरलाही अर्धा तास लागू शकतो. तोच रस्ता रात्री दीड वाजता मोकळा असतो. म्हणजे टर्मिनल 1 वरून हॉटेलवर पोहोचणे हीच खरी कसरत आहे. तेथून मेट्रो 3 मिळते. मध्ये सहार रोड हे एकच स्थानक असून त्यापुढे टर्मिनल 2 आणि नंतर मरोळ नाका येतो. सामान फार नसेल आणि काकांना चालवत असेल, तर हा मार्ग टॅक्सीपेक्षा लवकरचा ठरेल. मात्र रात्री साडेदहानंतर मेट्रोचा भरवसा धरू नये.

आरक्षणापूर्वी हॉटेलला फोन करून एकच गोष्ट नक्की विचारावी : रात्री दीड वाजता सोडायला गाडी मिळेल का? दोन वर्षांपूर्वी मी चकाल्यातील एका हॉटेलात ‘विमानतळापर्यंत मोफत गाडी’ असे वाचून उतरलो होतो. पहाटे तीनला तीन बॅगा घेऊन खाली आलो, तेव्हा गाडी सकाळी सहानंतरच सुटते असे काउंटरवरील मुलाने सांगितले. त्याने स्वतः रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली, म्हणून मी वेळेत पोहोचलो. तेव्हापासून गाडीची वेळ मी ईमेलवर लेखी मागून घेतो आणि न्याहारीचा डबाही रात्रीच सांगून ठेवतो.

प्रतिसाद (हिशेबनीस)

बिलाबाबत थोडे लिहितो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरील भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे दोन हॉटेलांची तुलना करासह येणाऱ्या रकमेवर करावी. कारखान्याचा जीएसटी क्रमांक आत शिरतानाच द्यावा, कारण बिल फाडल्यावर दुरुस्ती करून घेणे जिकिरीचे होते. मुंबईच्या हॉटेलच्या बिलावर महाराष्ट्राचा राज्य कर लागतो. आपली नोंदणी याच राज्यातील असल्यामुळे आपल्याला त्याचे क्रेडिट घेता येते, म्हणजे तो कर कारखान्याने भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो; परराज्यातील व्यापाऱ्याला ते मिळत नाही. ओळखपत्र म्हणून पॅन कार्ड सहसा चालत नाही. पासपोर्ट जवळ असणारच आहे.

प्रतिसाद (पार्लेकर)

मी विलेपार्ले पूर्वेला राहतो. धावपट्टीकडे तोंड असलेली खोली दिसायला सुंदर असते. पडदा सरकवला की विमानाची उघडी चाकेसुद्धा स्पष्ट दिसतात. पण झोपेसाठी ती योग्य नाही. काकांसाठी मागच्या बाजूची, लिफ्टपासून थोडी दूर असलेली खोली मागावी आणि न्हाणीघरात पायरी आहे का, तेही विचारावे, कारण गुडघेदुखी असलेल्या माणसाला तीच अधिक जड जाते. टर्मिनल 2 मध्येच ट्रान्झिट हॉटेल आहे. तेथे खोली तासांच्या हिशेबाने मिळते. रात्रीचा प्रवासच टळत असल्यामुळे मी स्वतः आधी तेथे चौकशी केली असती.

हिंगणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ट्रान्झिट हॉटेलात त्या रात्रीची खोली शिल्लक नव्हती, म्हणून मरोळ नाक्याजवळील एका मध्यम भाड्याच्या हॉटेलात मागच्या बाजूची खोली घेतली आहे. गाडी रात्री 1.45 ला दारात उभी राहील, असे त्यांनी ईमेलवर कळवले आहे. काकांना मेट्रोपेक्षा टॅक्सी बरी वाटते, त्यामुळे टर्मिनल 1 वरून प्रीपेड टॅक्सीनेच जाऊ.