पगार थकतोय, ग्रॅच्युइटीला पाच महिने बाकी. नोकरी आत्ताच सोडावी का?

टूलरूम_चाकण
चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत सीएनसी प्रोग्रामर आहे, 4 वर्षं 7 महिने झाली. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) 48,000, त्यात बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 26,000. पगार हल्ली पुढच्या महिन्याच्या 25 नंतर, तोही दोन तुकड्यांत. एक अख्खा महिना थकलाय. पतपेढीचा हप्ता स्लिपवर कापलेला दिसतो, पण पतपेढी म्हणते जमाच नाही. रांजणगावहून 62,000 सीटीसीची (कंपनीला महिन्याला पडणारा एकूण खर्च) ऑफर आहे, त्यांना 30 दिवसांत माणूस हवा. इथे नोटीस 60 दिवसांची. घरचे म्हणतात पाच वर्षं भरून ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) मिळेपर्यंत थांब. काय करावं?

पगारपत्रक
उशिरा पगार आणि कापून घेऊन न भरलेला पैसा, यात फरक करा. पहिल्याचं कारण कधीकधी वरच्या ग्राहकाचं अडकलेलं बिल असतं. दुसरं म्हणजे तुमच्या पैशावर कंपनी चालवणं. तो हप्ता मुद्दाम अडवतात असंही नाही, पण चालू खात्यात पैसे कमी पडले की आधी कच्च्या मालाला, मग पगाराला, आणि शेवटी जिथून लगेच बोंब होत नाही तिथे, म्हणजे पीएफ आणि पतपेढीला. जामीनदार मात्र तुमचेच अडकतात. कपात दाखवणाऱ्या स्लिपच्या प्रती घेऊन पतपेढीला आजच लेखी कळवा.

मग पीएफचं पासबुक उघडा. एका महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा. कपात 15,000 च्या मर्यादेवर असेल तर दर महिन्याला तीन आकडे दिसतील: तुमचे 1,800, कंपनीचे 550 आणि पेन्शनचे 1,250. सगळ्या कंपनीचं बघायचं तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर आस्थापना शोधा आणि भरण्याचा तपशील उघडा. कोणत्या वेतन-महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला आले आणि किती माणसांचे, सगळं दिसतं. माणसांचा आकडा दर महिन्याला उतरत असेल तर तुम्हाला आणखी कुणाला विचारायची गरज नाही. नव्या कंपनीचंही नाव तिथेच टाका.

बेसिक_डीए
ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: 26,000 × 15 ÷ 26 = वर्षाला 15,000. पाच वर्षांचे 75,000. ते मिळवायला पाच महिने थांबलात तर 2,40,000 पगार पणाला लागतो. ग्रॅच्युइटीसाठी बाजूला निधी ठेवला आहे का, तेही विचारा. छोट्या कंपन्यांत बहुतेक वेळा नसतो.

पण एक वाट मधली आहे. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलंय. इथला मालक ते मुकाट्याने मानेल याची खात्री नाही, पण भांडायला आधार आहे. पाचव्या वर्षाचे तुमचे सात महिने म्हणजे साधारण 213 दिवस. नोटिशीचे दिवस सेवेतच धरतात. 30 दिवसांनी 243 होतात, म्हणजे जेमतेम. त्यात चार दिवस बिनपगारी रजा निघाली की खेळ खलास. 45 दिवस मागितलेत तर 258, जरा श्वास घेता येतो. हजेरीचा उतारा आधी काढा, मग तारीख ठरवा.

शॉपफ्लोअर
62,000 ला भुलू नका. ब्रेकअप, म्हणजे पगाराची फोड, मागा. कंपनीचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के (बेसिक 31,000 असेल तर सुमारे 1,490), आणि 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) असेल तर 6,200, हे सगळं त्याच आकड्यात बसवलेलं असतं. उरतात साडेबावन्न हजार. तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर 200 वजा जाऊन हातात साडेपन्नास. आत्ताचे हातातले 46,000, ते आले तर! फरक साडेचार हजारांचा. त्यातून चाकण ते रांजणगाव पेट्रोल किंवा बस बघा. तरी 7 तारखेला पगार होणार असेल तर मी ऑफरच्या बाजूने आहे.

टूलरूम_चाकण
पासबुक पाहिलं. पाच महिन्यांची नोंदच नाही. स्लिपवर कपात आहे.

पगारपत्रक
मग तुमचे 9,000 कापून बाहेर राहिलेत. ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर त्या पाच स्लिपा जोडून तक्रार टाका. नोकरी सोडायच्या आधी टाकलेली बरी, कारण एक्झिटची (नोकरी सोडल्याची) तारीख स्वतः टाकायला गेलात तर पोर्टल शेवटच्या भरलेल्या महिन्यातलीच तारीख घेतं. घाईत टाकलीत तर मधली पाच महिन्यांची सेवा तुमच्याच हाताने गायब होईल.

राजीनामा ईमेलने द्या, प्रत खासगी पत्त्यावर ठेवा. त्यातच थकीत रक्कम महिनावार लिहा, शेवटचा दिवस स्पष्ट टाका, आणि नोटिशीचे कमी पडणारे दिवस थकीत पगारातून व शिल्लक पीएलमधून (पगारी रजेतून) वळते करून घ्यावेत अशी विनंती करा. त्यावर लेखी होकार हवा. तोंडी 'बघू रे' म्हटलेलं नंतर कुणाला आठवत नाही. नियुक्तिपत्रात नोटीस-कपात बेसिकवर आहे की ग्रॉसवर ते वाचा: 15 दिवसांचे 13,000 की 24,000, केवढा फरक. स्लिपा आणि हजेरी आत्ताच डाउनलोड करा, लॉगिन बंद झालं की संपलं.

बेसिक_डीए
वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्यात राजीनाम्यानंतर पूर्ण पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं आहे. प्रत्यक्षात फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशेबाला) 45 दिवस सांगतील. पैसे खात्यात आल्याशिवाय 'सर्व रक्कम मिळाली' या कागदावर सही नाही, रिलिव्हिंग लेटर अडवलं तरी नाही. त्यासाठी कामगार आयुक्तांकडे अर्ज करता येतो, आणि नव्या कंपनीला राजीनाम्याचा ईमेल, स्वीकृती आणि शेवटच्या तीन स्लिपा बहुतेक वेळा चालतात. ते आधीच विचारून घ्या, त्याच फोनवर 45 दिवसांनी रुजू झालं तर चालेल का तेही.